छत्री कायम उघडते

नूरचाचीचं नाव आधी घेतो, मग बाकीचं. पोलादपूरला एसटी स्टँडकडून खाली उतरणाऱ्या गल्लीत हिरव्या दाराचं घर होतं तिचं. नवरा कादरचाचा मस्कतला, घरात ती आणि माझ्या वर्गातला तिचा मुलगा अस्लम. मी नववीत शाळा सोडली आणि पुढे तिच्याच शब्दावर कादरचाचानं मला आखातात आणलं, हे आमच्या वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. सुट्टीला गेलो की लोक तेवढंच काढतात. पण तो उपकार नंतरचा. त्याच्या कितीतरी आधी तिनं आमच्या घरावर एक उपकार केला होता, आणि तो बहुतेक तिच्याही लक्षात नसेल. तो कुठेतरी लिहून ठेवावा असं फार दिवस मनात आहे. मला लिहायची सवय नाही. मी सलालाला एका हॉटेलच्या लाँड्रीत काम करतो. दिवसभर चादरी, अभ्रे आणि गणवेश. इस्त्रीचा प्लग काढला की नाही हे बघायला मी अर्ध्या वाटेवरून परत येतो, त्यावरून खोलीतले सगळे माझी टर उडवतात. हे लिहितानाही तसंच होतंय. एक वाक्य झालं की मागे जाऊन बघतो, काही जळत तर नाही ना.

आमची वाडी पोलादपूरच्या अगदी डोक्यावर. खालून बघितलं तर झाडीत चार कौलं दिसायची, वरून बघितलं तर हमरस्ता, स्टँड, मशिदीचा मिनार, सावित्रीची वळणं, सगळं कुणीतरी वाळत घातल्यासारखं पसरलेलं. घरात दोन बायका आणि मी. बाबा मुंबईला एका कँटीनमध्ये, आणि त्यांचा धाकटा भाऊ, माझा नानाकाका, मिलिटरीत. आई कमी बोलायची. सुमनकाकी, म्हणजे नानाकाकाची बायको, तिच्या वाटणीचंही बोलायची. म्हशीशी बोलायची, चुलीशी बोलायची, गळक्या माठाशी भांडायची. सकाळी जाग यायची ती तिच्या आवाजानं. "ऊठ गो, किती लोळशील, रानी हायस काय कुटली?" मला वाटायचं आईला म्हणतेय, पण ते असायचं गाभण शेळीला. मग चुलीवर नाचणीच्या भाकरीचा वास, तव्यावर सुकट टाकल्याचा चर्रर आवाज, गोठ्यातून घुंगरं, आणि ह्या सगळ्यावर काकीची बडबड पांघरुणासारखी. मी अंथरुणात डोळे मिटून पडून राहायचो. आज ह्या खोलीत एसीचा एकच आवाज असतो, सरळ, न थांबणारा. त्यात झोप येते, पण जाग येण्यात मजा नाही.

नानाकाका वर्षातून एकदा यायचा, ट्रंक घेऊन. त्याचं हसणं वेगळंच होतं. आधी आवाजच यायचा नाही, नुसते खांदे हलायचे, आणि आपल्याला वाटायचं झालं, थांबला, तेवढ्यात एकदम शिंक आल्यासारखा फुटायचा. शेळ्या दचकायच्या. त्याची एक काळी लांब छत्री होती, लाकडी मुठीची. माजघरात खुंटीला टांगलेली असायची. काकी ती घेऊन जा म्हणायची तर तो म्हणायचा, "फौजीनं छत्री धरायची नसते गो. नियमच हाय." काकीला हा नियम कधी पटला नाही. "भिजायचा कसला आलाय नियम," म्हणायची.

रविवारी दुधाची किटली घेऊन मी खाली उतरायचो. किटली रिकामी करून देईपर्यंत चाचीचा हुकूम ठरलेला असायचा. "पाय धू. आत जा. सुरू व्हायला आलं." कादरचाचानं आणलेला रंगीत टीव्ही त्यांच्या बाहेरच्या खोलीत होता, क्रोशाच्या रुमालाखाली. मी आणि अस्लम फरशीवर पोटावर पडायचो. चाची नारळाच्या दुधातल्या शेवयांची वाटी पुढे सरकवायची. आईनं घरून निघताना सांगितलेलं असायचं, "च्या घे दिला तर, जेवू नको तितं." शेवया म्हणजे जेवण नव्हे, असं मी माझ्यापुरतं ठरवलं होतं.

आणि मग ती कार्टूनमधली फौज. देशोदेशीचे निवडक जवान, डोंगराच्या पोटात त्यांचा तळ, कडा बाजूला सरकायचा आणि आतून विमानं निघायची. समोर शत्रू, त्यांचे रणगाडे आठ पायांचे, आडवे चालणारे. आम्ही त्यांना चिंबोरीवाले म्हणायचो. सगळ्यांची खरी नावं काहीतरी झोकदार इंग्रजी असणार, पण ती एवढ्या भरभर येऊन जायची की आमच्या हाती लागत नसत, म्हणून आम्हीच बारसं केलं. गळ्यात दुर्बीण असणारा तो दुर्बीण. पाण्यातून निघणारा तो पाणबुड्या. विमान चालवणारा, निळं टोपडं घातलेला, आमचा सगळ्यात लाडका, तो ढग्या. त्या लढाईत हिरवे आणि जांभळे प्रकाश सुटायचे, डोंगर कोसळायचे, पूल तुटायचे, पण मरत कोणीच नसे. विमानाला गोळा लागायचा, आगीचा लोळ उठायचा, आणि मी श्वास धरून बघायचो, त्या लोळातून एक ठिपका निसटायचा, आणि ठिपक्यावर फट्कन छत्री उघडायची. आपल्या माणसाची उघडायची तशी चिंबोरीवाल्याचीही उघडायची. तो मूठ दाखवत, शिव्या देत, डुलत डुलत खाली यायचा. अस्लमला पॅराशूट हा शब्द येत होता. मी आणि वाडीतली पोरं छत्रीच म्हणायचो.

ह्याच फौजेतले प्लास्टिकचे जवान अस्लमकडे होते. कादरचाचा येताना एकेक घेऊन यायचा, पुठ्ठ्यावर काचेसारख्या फुग्यात बसवलेला. वीतभरही नाही, पण कोपर वळायचं, गुडघा वळायचा, पाठीवरची पिशवी निघायची. असं काही आमच्याकडच्या कुठल्या दुकानात तेव्हा मी बघितलं नव्हतं. अस्लम मला दर रविवारी एक जवान द्यायचा, पुढच्या रविवारी परत आणायच्या बोलीवर. आठवडाभर तो माझ्याबरोबर शेळ्यांमागे. बांधाला खेकड्यांची बिळं होतीच, त्यामुळे चिंबोरीवाल्यांचा तळ आयता. मी पोटावर पडून गाल मातीला टेकवायचो, एक डोळा मिटायचो, आणि मग ते गवत गवत राहायचं नाही. बेणलेल्या वरीच्या रोपांतून ढग्या चालत यायचा आणि त्याच्या मागे महाबळेश्वराकडचे डोंगर, धुरकट, निळे, अगदी टीव्हीतल्यासारखे रंगवलेले. वाटायचं, आत्ता कडा बाजूला सरकेल. आईच्या जुन्या रुमालाला चार दोरे बांधून मी ढग्याला छत्री केली होती. कड्यावर जिथे खालून वर वारा येतो तिथून तो सोडला की कधी दगडासारखा पडायचा, आणि कधी रुमाल असा भरून यायचा की तो खाली न येता आधी थोडा वर जायचा. तेवढ्या क्षणासाठी मी दिवसभर चढउतार करायचो. आजही कोणी सुख म्हटलं की मला तो रुमाल वाऱ्यानं भरलेला दिसतो.

त्या उन्हाळ्यात सरहद्दीवर लढाई सुरू झाली. आम्हाला कळलं ते नानाकाकाच्या ट्रान्झिस्टरवरून. सेल संपत आलेले होते. काकी ते दिवसा कौलांवर उन्हात ठेवायची आणि संध्याकाळी घालून बातम्या लावायची. बातम्यांत शिखरांची नावं यायची, आकडे यायचे, आणि आवाज बारीक होत होत खरखरीत जायचा. काकाचं पत्र यायचं बंद झालं होतं. तो कुठे आहे हे कोणाला ठाऊक नव्हतं. आणि काकी गप्प झाली. हे मला लढाईपेक्षा भयंकर वाटलं. म्हशीला नुसतं दावं लावून यायची, तोंडातून शब्द नाही. भाकरी थापायची, तव्यावर टाकायची आणि तशीच बघत राहायची, करपेपर्यंत. स्वतः खायची नाही. आई म्हणायची, "सुमन, दोन घास खा गो," की मान हलवायची आणि उठून जायची. सकाळी मी अंथरुणात डोळे मिटून पडायचो आणि घुंगरांशिवाय काही ऐकू यायचं नाही. मला वाटायला लागलं, काका परत आला नाही तर हे असंच राहणार. हे घर कायमचं मुकं होणार.

माझ्याकडे तिला द्यायला एकच गोष्ट होती. संध्याकाळी ती उंबऱ्यात ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन बसली होती, मी तिच्या बाजूला जाऊन बसलो आणि म्हणालो, "काकी, घाबरू नको. लढाईत छत्री उघडते. कायम उघडते. म्या बघितलंय."

तिनं माझ्याकडे बघितलं. किती दिवसांनी कोणाकडे तरी नीट बघितलं तिनं. "छत्री?"

"हां. छत्री असली की काय होत नाय."

ती उठली. मला वाटलं आता जवळ घेईल. पण ती माजघरात गेली, आणि खुंटीसमोर उभी राहिली. नानाकाकाची काळी छत्री तिथे लोंबत होती. काकीनं तिच्यावरून हात फिरवला, धूळ बघितली, आणि कपाळावर हात मारून घेतला. "अग बाय माजे! ह्यांची तर हितंच हाय!"

मी सांगायला तोंड उघडलं होतं. पण ती बोलत होती. छत्रीशी बोलत होती, तिला झटकत होती, "बगितलंस, तू हितं आरामात लोंबकळतेस, आनि ते तितं," असं तिला दटावत होती. चुलीपाशी आई थबकून ऐकत राहिली. त्या संध्याकाळी काकीनं अर्धी भाकरी खाल्ली. मग कसं सांगणार? आईनं एवढंच विचारलं, "ही कुटं चाललीय छत्री घेऊन?" काकी म्हणाली, "पाठवायला. उद्या. पोस्टात."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं उतरलो. काकी पुढे, छत्री काखेत, मी मागे. पोस्टात रांग होती. खिडकीतले साहेब चांगले होते, म्हणाले, "बाई, असं उघडं घेत नाहीत. कापडात शिवून आणावं लागतं. कुणाला पाठवायचंय?" काकी नवऱ्याचं नाव घ्यायची नाही. तिनं मला कोपरानं ढोसलं. मी काकाचं पूर्ण नाव सांगितलं, आणि फौजेत आहे म्हणून सांगितलं, लढाईवर. साहेब थांबले. पण मागे रांगेतला एक जण हसून म्हणाला, "अवो बाई, तितं गोळ्यांचा पाऊस पडतोय. ही छत्री फाटंल ना!" आणि त्याच्या मागचे दोघेतिघे हसले. वाईट माणसं नसतील. रांगेत कंटाळलेली माणसं.

काकी बाहेर आली. पायरीवर उभी राहून मला म्हणाली, "संद्या, हे हसले का रे?" आणि मग मला सांगावंच लागलं. विमान, आग, ठिपका, मोठी गोल छत्री, दोऱ्यांची. सांगता सांगता मला रडू आलं. तिचा चेहरा परत तसाच होत चालला, आधीच्या दिवसांसारखा, दार लावून घेतल्यासारखा. मला त्या गावात एकच घर माहीत होतं. मी तिचा पदर धरला आणि गल्लीत ओढत नेली.

काकी त्या घरात कधी गेली नव्हती. दारातच थांबली. "नको भाभी, पाय मळलेत माजे."

"माजे पन मळलेत. या वैनी. पंख्याखाली बसा," चाची म्हणाली, आणि तिच्या हातातली छत्री घेऊन कोपऱ्यात अशी उभी केली, जसं काही पाहुणा छत्री घेऊन आलाय एवढंच. चहा आला. मी हुंदके देत सगळं सांगितलं, रांगेतलं हसणंही. अस्लमच्या ओठावर हसू आलं तसं चाचीनं त्याच्याकडे फक्त बघितलं, ते विझलं. मग मला म्हणाली, "तोंडानं काय सांगतोस रे? वैनीनं बघितलंय काय कदी? दाखव की." अस्लमनं रविवारची लढाई एका कॅसेटवर भरून ठेवली होती. चाचीनं व्हीसीआरचं झाकण काढलं, कॅसेट ढकलली.

काकी टीव्हीसमोर इतक्या जवळ पहिल्यांदाच बसत होती. चिंबोरीवाले आले, ढग्याचं विमान आलं, ती शांत बघत होती. गोळा लागला तसं तिनं माझं मनगट धरलं. "पडला... पडला गो तो!" आग उठली. ठिपका निसटला. छत्री उघडली. ढग्या डुलत डुलत एका हिरव्या कुरणात उतरला आणि उभा राहिला. काकीचा हात सैल झाला.

"परत लाव," ती म्हणाली.

चाचीनं बटण दाबलं. चित्र उलटं पळायला लागलं. ढग्या पाठमोरा वर उचलला गेला, छत्री मिटून गेली, आग आवळत आवळत विमानात शिरली, विमान अख्खं झालं आणि शेपटाकडून मागे मागे डोंगराच्या पोटात गेलं. मग परत सुलटं. पडला, उघडली, उतरला. "परत," काकी म्हणाली. चाचीनं परत लावलं. अस्लम कुजबुजला, "अम्मी, कॅसेट घासंल." चाची म्हणाली, "घासू दे." बाहेर दुपार झाली होती. कुकरची शिट्टी होऊन गेली, उमरठची गाडी हॉर्न देत गेली, आणि आम्ही चौघं फरशीवर बसून एकाच माणसाला पडताना, वाचताना, आणि वाचलेला परत वर जाऊन जळत्या विमानात शिरताना बघत होतो. मी आता एवढा मोठा झालो तरी काही वाईट घडलं की डोळ्यांसमोर येतं ते त्या कॅसेटचं उलटं चित्र. आग आवळते आहे, विमान अख्खं होतं आहे.

शेवटी काकीनंच विचारलं, "भाभी, हे खरं असतं?"

"नाय वैनी. हे पोरांचं हाय. ह्यात कोन मरत नाय."

"ते कळलं मला," काकी म्हणाली. "म्हनून तर परत लाव म्हनते." आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच, "आमचे पायी चालतात. इमानात नसतात ते. ह्यांना कोन देनार असली छत्री."

मग चाचीनं पडद्याकडे बघतच सांगितलं, "अस्लमचे अब्बा इमानानं जातात ना. पयल्या खेपेला मी इचारलं होतं, तिकिटाबरोबर छत्री देतात काय? दोन दिवस हसत होते." आणि दोघी एकदम हसल्या. काकी पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, आणि चाची तिच्या पाठीवरून हात फिरवत बसली.

काकी उठली, कोपऱ्यातली छत्री घेतली. "जाते भाभी. ही नेते परत."

"का? पाठवायची नाय?"

"आता काय पाठवू? समदे हसतील."

"मी दर खेपेला मस्कतला कोकमं धाडते," चाची म्हणाली. "तितं काय आंबट मिळत नसंल? मिळतं. तरी धाडते. आपन धाडायचं." आणि तिनं काकीच्या हातातून छत्री काढून घेतली.

पार्सल शिवावं तर चाचीनं. वर्षानुवर्षं तेच करत आली होती. तिनं कपाटातून मांजरपाट काढला, छत्री मिटून सुतळीनं आवळली, मोडू नये म्हणून दोन्ही अंगांनी कामट्या लावल्या, वरून जुन्या गोधडीचा तुकडा गुंडाळला. मग दाभणानं शिवत गेली, एक टाका आत एक बाहेर, दोरा दाताखाली धरून. काकी दुसऱ्या टोकाला कापड ताणून बसली. दोघी बाळंतिणीजवळ बसतात तशा त्या लांबड्या गाठोड्याच्या दोन बाजूंना. तोंड शिवायचं राहिलं होतं तेव्हा अस्लम उठला, आतल्या खोलीत गेला आणि मूठ मिटून आला. त्यानं हात गाठोड्यात घातला आणि छत्रीच्या घडीत ढग्याला सारला, मी बांधून दिलेल्या रुमालासकट. मी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, "काय बघतोस? त्याला छत्री चालवायला येते." चाचीनं तोंड शिवून घेतलं. लाख वितळवून सांध्यांवर थेंब पाडले. मी नाव आणि पत्रांवरून पाठ झालेला काकाच्या पलटणीचा पत्ता सांगितला, अस्लमनं तो इंग्रजीत घातला, काकी तेवढ्यापुरती भिंतीकडे बघत राहिली. पाठवणाऱ्याच्या पत्त्याखाली चाचीनं त्यांच्या घरचा फोन नंबर घालायला लावला. "तो कशाला अम्मी?" "असू दे. वाडीवर कुटं फोन हाय?"

पार्सल पोस्टातून गेलं. मग आषाढ आला. डोंगर धुक्यात बुडाला, खालचं पोलादपूर दिसेनासं झालं. काकी थोडं जेवायला लागली होती, थोडं बोलायला लागली होती, पण म्हशीशी अजून नाही. लढाई संपत आल्याचं ट्रान्झिस्टर सांगत होता, काकाचं काही सांगत नव्हता. मी रविवारी किटली घेऊन उतरायचो, घोंगडी पांघरून. टीव्हीसमोर बसायचो, पण छत्री उघडली की आता बरं वाटायचं नाही. मला कळलं होतं की ती सगळ्यांना मिळत नाही. असं एकदा कळलं की परत न कळल्यासारखं बघता येत नाही, आणि तरीही मी बघत होतो, आणि मनातल्या मनात मागत होतो.

अशाच एका रविवारी लढाई रंगात असताना फोन वाजला. लांब लांब घंटा, बाहेरगावची. चाचीनं उचलला, तिला वाटलं मस्कत. "हालो? कोन? ... कोन?" आणि तिनं माझ्याकडे बघितलं. मग रिसीव्हर माझ्या कानाला लावला. आत वारा सुटल्यासारखी खरखर, आणि त्या खरखरीच्या तळाशी नानाकाका. "कोन, संद्या? तू तितं कसा रे? बरं ऐक. दवाखान्यात हाय मी. काकीला सांग, पाय हाय. बर्फानं जरा बोटं गेली, पाय हाय." मी नुसता हां हां करत होतो. "आनि ही छत्री कोनी धाडली रे? काल आली. पलंगावर बसून उघडली तर डोक्यावर एक शिपाई पडला! रुमालासकट! आख्खा वॉर्ड..." आणि पुढे आवाजच नाही. मला वाटलं लाइन तुटली. मी ओरडणार तेवढ्यात पलीकडून शिंक आल्यासारखा तो फुटला, आणि मग खरंच लाइन तुटली.

चाचीनं रिसीव्हर जागेवर ठेवला. "किटली राहू दे. पळ," म्हणाली. टीव्हीवर ढग्याचं विमान नुकतंच डोंगरातून निघालं होतं. त्याचं पुढं काय झालं ते मी बघितलं नाही.

वाडीच्या अलीकडच्या उतारावर बायका लावणीला वाकल्या होत्या. काकीनं मला लांबून बघितलं. तिला दिसलं ते एवढंच, की मी घोंगडीशिवाय, किटलीशिवाय, चिखलात पडत उठत पळत येतोय. तिच्या हातातली रोपं गळाली. ती आहे तिथे खाचरात खाली बसली, कमरेपर्यंत पाण्यात, आणि आई तिला धरायला धावली. मी पोचलो तर मला श्वास नाही. आई ओरडतेय, "बोल मेल्या!" आणि मला बोलता येईना. पाय, बोटं, दवाखाना, छत्री, शिपाई, सगळं एकदम तोंडाशी आलेलं, आणि त्यातलं बाहेर पडलं ते एकच. "काकी... काका हसत होता."

काकी माझ्याकडे बघत राहिली. "कसा?"

"आधी आवाजच नाय. मग एकदम, शिंकल्यावानी."

"मग तेच," ती म्हणाली. "तेच हायत."

मग चिखलातून पाय उपसायला गेली, तो निघेना, तर खाली बघून चिखलाला म्हणाली, "सोड की रे मेल्या, किती धरशील." आई हसायला लागली. काकीनं गळालेली रोपं गोळा केली आणि वाकून परत लावायला लागली, आणि लावता लावता बोलत होती, रोपांशी, बेडकांशी, पावसाशी, दिवस मावळेपर्यंत. मी बांधावर भिजत बसून ऐकत होतो. मला त्या दिवशी दुसरं काही नको होतं.

नानाकाका आता घरीच असतो. थोडा लंगडतो, शेळ्या त्याला अजून दचकतात. त्या बर्फात काय बघितलं ते त्यानं कधी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. अस्लम पुण्याला आहे. कादरचाचा गेला. हिरव्या दाराच्या घरात चाची एकटी आहे. इथे सलालाला पावसाळ्यात डोंगरांवर धुकं उतरतं, भुरभुर पाऊस पडतो, आणि लांबलांबून गाड्या भरून माणसं नुसती भिजायला येतात. तेव्हा मी तिला फोन करतो. माझी तब्येत विचारून झाली की ती तिच्या गुडघ्यांवर येते. उठताना भिंत धरावी लागते म्हणते. "सवच्या कुंडातल्या गरम पान्यात पाय सोडून बसलं की उतार पडतो म्हनतात. पन नेनार कोन? अस्लमला सुट्टी नाय. रिक्षावाला नेतो, पन लगेच हॉर्न वाजवतो, मग काय बसनार?" हे ती तक्रार म्हणून सांगत नाही, हसत सांगते. मी दर वेळी म्हणतो, येतो चाची, मी नेतो. आणि दर सुट्टीला काहीतरी निघतं, घराचं छप्पर, मुलीची शाळा, कुणाचं लग्न, आणि मी तिच्या दारात उभ्या उभ्या चहा पिऊन परत विमानात बसतो.

तिनं आमच्यासाठी जे केलं त्याची परतफेड होत असेल असं मला वाटत नाही. पण एवढं माझ्या हातात आहे, आणि ते मी इथे लिहून ठेवतो, म्हणजे मलाच मागे फिरता येणार नाही. चाची, मी तुला सवला नेणार आहे. रिक्षा तिथूनच परत पाठवून देऊ. तू कुंडाच्या काठाला पाय सोडून बस. मी तुझ्या चपला हातात घेऊन शेजारी बसेन, आणि तू 'चल रे आता' म्हणेपर्यंत उठणार नाही.